चित्रकाराच्या पत्नीकडून घेतलेली तीन चित्रे: मोंटानातील एका स्टुडिओतल्या खरेदीविषयी

मराठीत ‘पाश्चात्त्य कला’ म्हटले की युरोपातील चित्रकला डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र ‘वेस्टर्न आर्ट’ म्हणजे तिथल्या पश्चिमेचे चित्रण करणारी कला: गवताळ माळ, गुरांचे कळप, घोड्यावरचे गुराखी, मूलनिवासी जमातींचे जीवन आणि रॉकी पर्वताच्या पायथ्याचा तो कोरडा, स्वच्छ प्रकाश. गेली अकरा वर्षे मी या कलेचा माझ्या ऐपतीप्रमाणे संग्रह करीत आहे. आजवरची माझी बहुतेक खरेदी लिलावांतून किंवा कलादालनांतून झाली. गेल्या उन्हाळ्यात मात्र प्रथमच अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील एका दिवंगत चित्रकाराच्या पत्नीकडून, त्यांच्या घरामागच्या स्टुडिओत बसून, तीन चित्रे थेट विकत घेतली. बाईंनी नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती केली होती, म्हणून त्यांचे, त्यांच्या पतीचे आणि गावाचे नाव येथे दिलेले नाही. खरेदीचा अनुभव मात्र सविस्तर लिहितो, कारण अशा व्यवहारात ग्राहकाला काय मिळते आणि काय स्वतः पाहून घ्यावे लागते, याविषयी आपल्या भाषेत फारसे वाचायला मिळत नाही.

पहिल्या भेटीपूर्वीच बाईंनी फोनवर दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, त्या दिवशी काहीही विकले जाणार नाही. मी केवळ पाहावे, घरी परतावे आणि आठवड्यानंतर कळवावे. दुसरी, किमतीची घासाघीस त्यांना मानवत नाही, परंतु किंमत कशी ठरली हे विचारण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. दुकानदारीच्या दृष्टीने ही पद्धत विचित्र वाटेल, पण मला ती फार आवडली. स्टुडिओत शिरताच टर्पेंटाइनचा आणि जुन्या लाकडाचा वास आला, खिडकीखाली रंग वाळून घट्ट झालेली पॅलेट दिसली, आणि अशा जागी लगेच निर्णय घेणारा माणूस चित्राबरोबर त्या वातावरणाचीही किंमत मोजून बसतो, हे मला तिथेच जाणवले. आठवड्याचे अंतर ठेवल्यामुळे घरी आल्यावर नुसती चित्रे आठवत राहिली. जी आठवली नाहीत, ती घेण्याचा विचार मी सोडून दिला.

या खरेदीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बाईंची वही. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून पतीच्या प्रत्येक पूर्ण झालेल्या चित्राला त्यांनी क्रमांक दिला होता. त्यापुढे शीर्षक, माप, माध्यम, पूर्ण झाल्याची तारीख, कोणत्या प्रदर्शनात गेले, कोणी घेतले आणि किती डॉलरला घेतले, हे सारे एकाच हस्ताक्षरात नोंदवलेले होते. बहुतेक चित्रांच्या स्लाइड, म्हणजे फिल्मवरची पारदर्शक छायाचित्रे, काढून त्यांवरही तेच क्रमांक घातले होते. चित्राच्या मागे पेन्सिलने लिहिलेला क्रमांक, वहीतला क्रमांक आणि स्लाइडवरचा क्रमांक असे तिन्ही जुळवून पाहण्याचे समाधान मला कोणत्याही मोठ्या लिलावगृहाच्या गुळगुळीत सूचीपत्राने दिलेले नाही. मालकीचा पूर्वेतिहास म्हणतात तो येथे एका ओळीचा असतो: चित्रकाराच्या हातून पत्नीकडे आणि पत्नीकडून माझ्याकडे. मध्ये कोणी नाही, त्यामुळे मालकीविषयी संशयालाही जागा उरत नाही.

पश्चिमेच्या कलेत अशी कामे करणाऱ्या पत्नींची परंपरा जुनी आहे. मोंटानाचाच चार्ल्स रसेल हा चित्रकार पूर्वी आपली चित्रे किरकोळ मोबदल्यात, कधी नुसत्या मैत्रीखातर, देऊन टाकत असे. १८९६ मध्ये त्याचे नॅन्सी कूपरशी लग्न झाले आणि पुढे किंमत ठरवणे, प्रदर्शने आखणे, ग्राहकांशी पत्रव्यवहार करणे हे सारे नॅन्सीने हाती घेतले. १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रसेलचे स्वतंत्र प्रदर्शन झाले, त्यामागेही तिचेच प्रयत्न होते. रसेल १९२६ मध्ये वारला आणि त्यानंतर १९४० पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, नॅन्सी त्याचे नाव आणि त्याची कामे सांभाळत राहिली. ग्रेट फॉल्स येथे १९०३ मध्ये बांधलेला त्याचा लाकडी ओंडक्यांचा स्टुडिओ आज संग्रहालयाचा भाग म्हणून पाहता येतो. ज्यांना अशा खरेदीचा विचार आहे, त्यांनी आधी तो स्टुडिओ जरूर पाहावा. चित्रकाराने जमवलेली खोगिरे, कपडे आणि हत्यारे चित्रांत कशी उतरतात हे तिथे समजते, आणि मग कोणत्याही अनोळखी स्टुडिओत आपण काय पाहतो आहोत याचे भान राहते.

कायदेशीर बाजू बाईंनी उत्तम ठेवली होती. मृत्युपत्राची न्यायालयीन प्रक्रिया पूर्ण झाल्याची आणि चित्रे त्यांच्या एकटीच्या मालकीची झाल्याची कागदपत्रे त्यांनी मी मागण्याआधीच टेबलावर ठेवली. ज्या कलादालनाशी पतीचा करार होता, त्याचा विक्रीचा एकाधिकार संपल्याचे पत्रही सोबत होते. हा दुसरा कागद ग्राहक सहसा विचारत नाहीत, पण तो फार महत्त्वाचा आहे. करार चालू असताना घरातून परस्पर विक्री झाली, तर वाद पत्नीपुरता राहत नाही, चित्र घेणाऱ्याच्या दारापर्यंत येतो. तिसरा कागद होता मूल्यनिर्धारकाने केलेल्या यादीचा. अमेरिकेच्या करकायद्यानुसार, विक्रीच्या नफ्यावर कर काढताना, वारसाला मिळालेल्या वस्तूची मूळ किंमत साधारणतः मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते. बाईंच्या सल्लागाराने त्यासाठी सर्व चित्रांचे रीतसर मूल्यांकन करून घेतले होते. करासाठी केलेली ही यादी ग्राहकालाही उपयोगी पडते, कारण एका त्रयस्थ जाणकाराने प्रत्येक चित्राची स्थिती आणि तेव्हाची किंमत तिथे लिहून ठेवलेली असते.

किमतीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. कलादालन विक्रीकिमतीच्या निम्म्याच्या आसपास वाटा घेते हे या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे, आणि त्यामुळे बरेच संग्राहक असे मानतात की थेट विकणाऱ्या पत्नीने ती निम्मी रक्कम ग्राहकाला सोडली पाहिजे. मला हा युक्तिवाद मान्य नाही. कलादालन जे काम करते, म्हणजे चित्रे नीट साठवणे, विमा उतरवणे, माहिती देणे, कागद तयार करणे आणि ग्राहकाला वेळ देणे, ते सारे येथे बाईच करीत होत्या, आणि तेही अधिक बारकाईने. त्यांनी मूल्यांकनाची रक्कम आणि त्याच मापाच्या चित्रांना अलीकडच्या लिलावांत आलेले भाव समोर ठेवून दोन्हींच्या मधली किंमत सांगितली. मोठ्या तैलचित्राचे १६,५०० डॉलर, छोट्या तैलअभ्यासाचे, म्हणजे तैलरंगातल्या सरावचित्राचे, २,४०० आणि जलरंगाच्या एका कागदाचे २,१००, असे एकूण २१,००० डॉलर मी दिले. मोंटानात विक्रीकर नाही, त्यामुळे त्यात भर पडली नाही. मात्र दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी घरी परतल्यावर तिथे काही कर लागतो का, हे आपल्या हिशेबनीसाला विचारावे. माझ्या मते किंमत योग्य होती. स्वस्त नव्हती, आणि ती स्वस्त असावी अशी अपेक्षा धरणेही मला योग्य वाटत नाही.

बाई वर्षाला मोजकीच चित्रे विकतात. एका परिचित संग्राहकाने त्यांच्याकडे उरलेली सगळी चित्रे एकरकमी घेण्याची तयारी दाखवली होती, ती त्यांनी नाकारली. हा निर्णय भावनेचा असेल असे मला आधी वाटले, परंतु त्यामागे हिशेबही होता. एखाद्या कलावंताची बरीच कामे एकदम बाजारात आली की प्रत्येकाचा भाव पडतो, आणि हे तत्त्व अमेरिकेतील करन्यायालयानेही मान्य केलेले आहे. १९६५ मध्ये वारलेल्या डेव्हिड स्मिथ या शिल्पकाराच्या मागे ४२५ शिल्पे उरली होती. त्यांच्या करआकारणीचा वाद १९७२ मध्ये निकाली निघाला, तेव्हा इतकी शिल्पे एकदम विकावी लागल्यास किंमत उतरेल हा मुद्दा न्यायालयाने विचारात घेतला. बाईंना हा खटला ठाऊक होता. आपण घेतलेल्या चित्राचा भाव विक्रेताच उद्या सगळा साठा ओतून पाडणार नाही, ही ग्राहकासाठी मोठी हमी आहे.

आता चित्रांविषयी. मोठे तैलचित्र २४ बाय ३६ इंचांचे, कॅनव्हासवरचे. संध्याकाळी नदी ओलांडणारे सुटे घोडे, पाण्यात त्यांच्या पोटाखालची सावली आणि पैलतीरावर एकच स्वार. पुढच्या घोड्यांचे काम सुरीने जाड रंगात केलेले आहे आणि पाणी अगदी पातळ थरात, इतके की काही ठिकाणी कॅनव्हासची वीण दिसते. हे चित्र मी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पाहण्याची परवानगी मागितली. बाईंनी लगेच पडदे ओढले. त्या प्रकाशात जुने वार्निश हिरवट चमकते आणि त्याच्या वर नंतर केलेले काम गडद दिसते. चित्रकाराची सही तशी गडद, वार्निशच्या वर तरंगल्यासारखी दिसली.

तो क्षण अवघड होता. सही वार्निशनंतरची असेल, तर ती कोणी केली हा प्रश्न येतोच, आणि हा प्रश्न चित्रकाराच्या पत्नीला तिच्याच घरात विचारायचा होता. मी शक्य तितक्या सरळ शब्दांत विचारले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग उठून वही घेऊन आल्या आणि १९९३ ची एक नोंद दाखवली: चित्र सहीविना वार्निश करून घरी ठेवलेले, प्रदर्शनाला पाठवण्याच्या आदल्या दिवशी पतीने सही केली, तारीख अमुक. त्या वर्षीच्या स्लाइडमध्ये चित्र सहीविना होते आणि प्रदर्शनाच्या छापील पत्रिकेतल्या छायाचित्रात सहीसकट. बाईंची आठवणही तीच होती, पण नुसती आठवण असती तर मी चित्र घेतले नसते, आणि हे त्यांना सांगितल्यावर त्यांनाही ते पटले. पत्नीला सगळे माहीत असते हे खरेच आहे. तथापि पुढच्या मालकाला तिची आठवण विकत घेता येत नाही, फक्त तिने लिहून ठेवलेले तेवढेच हाती येते. म्हणून मी त्यांना विनंती केली आणि त्यांनी प्रत्येक चित्रासाठी एकेक पान स्वहस्ते लिहून दिले: चित्र कुठे काढले, कोणता घोडा कोणाचा, कोणत्या महिन्यात, सही केव्हा. त्या तीन पानांची किंमत पावतीत कुठेही धरलेली नव्हती.

सहीवरूनच आणखी एक गोष्ट. ईझलवर एक अपूर्ण चित्र होते, पतीच्या शेवटच्या आजारपणात राहिलेले. एका ग्राहकाने ते मागितले होते आणि बाईंनीच पतीच्या नावाची सही करून द्यावी असे सुचवले होते. त्यांनी ते साफ नाकारले. अशा सहीविना उरलेल्या कामांवर मागच्या बाजूला वारसांचा शिक्का मारण्याची रीत आहे आणि ती प्रामाणिक रीत आहे, कारण शिक्का पाहणाऱ्याला हे काम मरणोत्तर बाहेर आले हे कळते. बाईंनी काही रेखाटनांवर असा शिक्का मारला आहे. समोरच्या बाजूस मात्र पतीच्या हाताखेरीज कोणाचीही सही असणार नाही, असे त्यांनी सांगितले. अशा विक्रेत्याने दिलेल्या इतर माहितीवरही माझा विश्वास बसला, तो या उत्तरामुळे.

स्टुडिओत चार कांस्यशिल्पेही होती. ती मी घेतली नाहीत, आणि या खरेदीतील माझी एकमेव मोठी तक्रार त्यांच्याबद्दल आहे. चित्रांची वही जितकी काटेकोर, तितकीच शिल्पांची नोंद विस्कळीत होती. किती प्रती ओतायच्या ठरल्या होत्या, त्यांपैकी किती पतीच्या हयातीत ओतल्या आणि किती नंतर, याचे उत्तर कागदावर मिळाले नाही. या कलेत तो फरक किरकोळ नाही. पश्चिमेचीच चित्रे आणि कांस्यशिल्पे करणारा फ्रेडरिक रेमिंग्टन १९०९ मध्ये वारला. त्याच्या पत्नीने, ईव्हाने, १९१८ पर्यंत ओतशाळेकडून त्याची शिल्पे ओतवून घेतली आणि आपल्या पश्चात साचे नष्ट करावेत अशी तजवीज केली. तरीही रेमिंग्टनच्या नावाच्या नंतरच्या असंख्य नकला आज बाजारात फिरत असतात. तयार शिल्पावरूनच पुन्हा साचा घेऊन ओतलेली प्रत धातू आकसल्यामुळे मूळ प्रतीपेक्षा किंचित लहान भरते, हे मोजपट्टीने ओळखता येते. पण अस्सल साच्यातून मरणोत्तर ओतलेली प्रत मोजपट्टीने ओळखू येत नाही, तिला नोंदच लागते. बाईंनी ओतशाळेला पत्र लिहून माहिती मागवण्याचे मान्य केले आहे. ती येईपर्यंत कोणीही ती शिल्पे घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्यांनाही सांगितले.

भिंतीवर गरुडपिसांचा एक शिरोभूषणपट्टा टांगलेला होता, तोच पतीच्या दोन चित्रांत दिसतो. तो विक्रीस नाही हे बाईंनी आत शिरतानाच सांगितले. १९४० च्या कायद्याने अमेरिकेत गरुडाच्या पिसांची विक्री बंद आहे, मग ती कितीही जुनी चित्रसामग्री असो. असा सौदा कोणी सुचवला तर संग्राहकाने तिथून उठावे हेच बरे.

चित्राच्या हक्कांविषयीही बाईंनी स्वतःहून समजावले. चित्र विकत घेतल्याने त्याच्या छपाईचा हक्क मिळत नाही; अमेरिकेच्या कायद्यात वस्तूची मालकी आणि प्रतिलिपीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि १९७८ नंतरच्या कामांवर तो हक्क सर्वसाधारणपणे कलावंताच्या मृत्यूनंतर ७० वर्षे वारसांकडे राहतो. मी चित्र घरी लावू शकतो, प्रदर्शनाला उसने देऊ शकतो, विकू शकतो. पण त्याची दिनदर्शिका छापायची तर बाईंची परवानगी हवी. विक्रीपत्रात हे एका वाक्यात लिहिलेले होते.

पाठवणीच्या बाबतीत मात्र सेवा कमी पडली. मोठे चित्र मी स्वतः गाडीतून आणले. उरलेली दोन बाईंनी गावातल्या एका सर्वसाधारण पार्सल दुकानातून पाठवली, आणि तिथल्या माणसाने छोट्या तैलअभ्यासाला बुडबुड्यांचे प्लॅस्टिक थेट रंगाच्या बाजूने गुंडाळले. उन्हाळ्याच्या उष्णतेत वार्निश मऊ झाले आणि त्यावर गोल ठसे उमटले. मऊ, चकचकीत, आम्लरहित कागद आधी, मग पुठ्ठा, आणि प्लॅस्टिक सर्वांत बाहेर, हा क्रम चुकला की असेच होते. चित्रसंवर्धकाने ३८० डॉलर घेऊन वार्निश सारखे करून दिले. रंगाला धक्का लागलेला नव्हता. बाईंना कळवताच त्यांनी ती रक्कम त्याच आठवड्यात पाठवली आणि क्षमा मागितली. पुढच्या ग्राहकांनी चित्रे स्वतः न्यावीत किंवा कलावस्तूंचीच ने-आण करणाऱ्यांकडे हे काम द्यावे. खर्च वाढतो, पण तो चित्राच्या किमतीचाच भाग समजावा.

जलरंगाच्या कागदाच्या कडेने एक तपकिरी रेषा होती. जुन्या, आम्लयुक्त माउंटने, म्हणजे चित्राभोवती लावलेल्या पुठ्ठ्याने, कागद भाजल्यासारखा होतो, त्याची ती खूण. बाईंनी ती आधीच दाखवली होती, मूल्यांकनाच्या यादीतही लिहिली होती आणि किंमत त्याप्रमाणे ठेवली होती, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. नवीन आम्लरहित माउंट करून ते चित्र मी उत्तरेकडच्या, थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावले आहे.

खरेदीनंतरही संबंध तुटला नाही, आणि हेही सेवेतच धरले पाहिजे. ऑक्टोबरमध्ये बाईंचे पत्र आले. नदीच्या चित्रासाठी पतीने केलेली पेन्सिलची चार रेखाटने त्यांना एका जुन्या खोगिराच्या पेटीत सापडली होती; एकावर घोड्यांची नावे लिहिलेली होती. ती विकायची नाहीत, असे त्यांनी लिहिले होते. परंतु त्यांची छायाचित्रे पाठवून, मागे वहीतला क्रमांक घालून, माझ्या चित्राच्या पानाबरोबर ठेवण्यासाठी दिली होती. त्यामुळे पैलतीरावरचा स्वार पहिल्या रेखाटनात नव्हताच आणि शेवटच्या रेखाटनात तो आला, हे मला आता माहीत आहे.

बाईंकडे अजून पन्नासेक चित्रे आहेत. त्या मे ते सप्टेंबर या काळात, आधी पत्र लिहून वेळ ठरवली तर, एका दिवशी एकाच ग्राहकाला स्टुडिओ दाखवतात. जाताना अतिनील दिवा, मोजपट्टी आणि पुरेसा वेळ सोबत न्यावा, आणि वही पाहण्याची विनंती संकोच न करता करावी; ती दाखवताना त्यांना आनंद होतो.